भाडे, भाडेपट्टा आणि तारण
बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील जागामालक, कर्ज-मध्यस्थ आणि बदलते नियम

इमारत बांधणारा मनुष्य आपल्या मालमत्तेकडे पाहतो तेव्हा त्याला जमीन, विटा आणि सिमेंट दिसते. त्याच इमारतीवर कर्ज देणाऱ्या बँकेला दरमहा येणारे भाडे दिसते, आणि हे भाडे किती वर्षे येत राहील ही चिंता दिसते. या दोन दृष्टींच्या मधोमध कर्ज मिळवून देणारा मध्यस्थ उभा असतो. त्याच्या नजरेला इमारतीइतकाच भाडेकराराचा कागद महत्त्वाचा वाटतो, आणि तो कागद पाहूनच मालकाला किती कर्ज मिळेल याचा अंदाज तो बांधतो. गेल्या पंचवीस वर्षांत भाडेकायदा, कर आणि बँकव्यवहार यांच्या नियमांत जे बदल झाले, त्या सर्वांचा रोखही या कागदाकडेच आहे. प्रस्तुत प्रकरणात बंगळूरजवळील इलेक्ट्रॉनिक सिटीचे उदाहरण घेऊन या बदलांचा विचार करावयाचा आहे. पुण्याजवळचे हिंजवडी किंवा ठाणे-बेलापूर पट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्या वाचकांना येथील चित्र अपरिचित वाटणार नाही.

वसाहत आणि तिचे मालक

कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळ, म्हणजेच ‘केओनिक्स’, १९७६ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ साली होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरु या गावांच्या सुमारे ३३० एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत आखण्यात आली. प्रारंभी येथे लहान-मोठे कारखाने आले. १९९४ साली इन्फोसिसने आपले कार्यालय येथे हलविले आणि त्यानंतर कारखान्यांच्या वसाहतीचे रूपांतर संगणक-सेवा देणाऱ्या कचेऱ्यांच्या नगरात होत गेले. २०१० साली शहराकडून येणारा सुमारे १० किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला झाला. २०१३ साली वसाहतीसाठी स्वतंत्र औद्योगिक नगर प्राधिकरण अस्तित्वात आले. आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या १९ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे उद्घाटन झाले. जमिनीच्या आणि भाड्याच्या मोलावर या प्रत्येक घटनेचा परिणाम झाला आहे.

येथील मालकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग स्वतःच्या विस्तीर्ण आवारात स्वतःच काम करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा. त्यांना भाडेकरूची गरज नाही, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही. दुसरा वर्ग औद्योगिक भूखंडधारकांचा आणि विकासकांचा. यांच्यापैकी काहींनी कारखान्यासाठी भूखंड घेतला, पुढे कारखाना बंद करून त्या जागी कचेरीची इमारत उभारली आणि तिचे मजले कंपन्यांना भाड्याने दिले. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाचे भूखंड आधी भाडेपट्ट्याने आणि अटी पूर्ण झाल्यावर खरेदीने देण्याची रीत आहे. खरेदीखत होईपर्यंत अशी जागा गहाण टाकावयाची तर मंडळाची संमती लागते. तिसरा वर्ग आसपासच्या गावांतील मूळ शेतकरी कुटुंबांचा आणि निवृत्तीनंतरच्या उत्पन्नासाठी भूखंड घेतलेल्या मध्यमवर्गीयांचा. नीलाद्री रस्त्यावर किंवा दोड्डतोगूरुच्या गल्ल्यांत दिसणाऱ्या चार-पाच मजली इमारती बहुतांशी त्यांच्या. तळमजल्यावर दुकाने आणि उपाहारगृहे, वरच्या मजल्यांवर नोकरदार तरुणांची ‘पीजी’ म्हणून ओळखली जाणारी वसतिगृहे, अशी त्यांची रचना असते. शेती गेली, तिचा मोबदला इमारतीत घातला, आणि आता घरखर्च व कर्जाचे हप्ते दोन्ही भाड्यावर चालतात, अशी या कुटुंबांची स्थिती आहे. नियमातील एखाद्या लहानशा बदलाचा धक्का सर्वांत आधी त्यांनाच बसतो.

भाड्यावर दिले जाणारे कर्ज

जुन्या काळच्या सावकारी व्यवहारात ‘कब्जेगहाण’ म्हणून एक प्रकार होता. शेत सावकाराच्या ताब्यात जाई आणि कर्ज फिटेपर्यंत त्याचे पीक सावकार खाई. आजच्या व्यापारी इमारतींवर मिळणाऱ्या ‘लीज रेंटल डिस्काउंटिंग’ या कर्जाचे तत्त्व त्याच्याशी मिळतेजुळते आहे. इमारत मालकाच्याच नावावर राहते. पण तिचे पीक, म्हणजे भाडे, भाडेकरूकडून थेट बँकेच्या देखरेखीखालील खात्यात जमा होते. त्यातून हप्ता वळता होतो आणि उरलेली रक्कम मालकाच्या हाती येते. इमारतीची हक्कपत्रे बँकेकडे तारण असतात. मालकाने सांगितले म्हणून भाडे दुसऱ्या खात्यात भरणार नाही, असे भाडेकरू कंपनीकडून लिहून घेतले जाते.

या कर्जाचा मूळ आधार भाडे हाच असल्यामुळे ते भाडे किती पक्के आहे हा प्रश्न ओघानेच येतो. रिझर्व्ह बँकेने ९ सप्टेंबर २००९ च्या परिपत्रकात याविषयी एक महत्त्वाचा भेद केला. भाड्यातून फेडावयाचे कर्ज हे सामान्यतः ‘व्यापारी स्थावर मालमत्तेवरील कर्ज’ या अधिक जोखमीच्या वर्गात मोडते. परंतु भाडेकरू ज्या काळात करार सोडून जाऊ शकत नाही, ती बांधील मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नसेल, आणि त्या काळात भाडे कमी करण्याचे कोणतेही कलम करारात नसेल, तर बँकेला ते कर्ज या वर्गाबाहेर ठेवता येते. या भेदाचा संबंध बँकेच्या खर्चाशी आहे. जोखमीच्या वर्गातील नियमित कर्जापोटीही बँकांना शेकडा १ इतकी तरतूद बाजूला ठेवावी लागे, तर इतर बहुतेक कर्जांना शेकडा ०.४० पुरे होई. हा अधिक भार शेवटी कर्जदाराच्या व्याजदरात उतरतो हे उघड आहे.

बंगळूरमधील कचेऱ्यांच्या करारांची प्रचलित पद्धत येथे ध्यानात घेतली पाहिजे. करार बहुधा नऊ वर्षांचा असतो आणि दर तीन वर्षांनी भाड्यात सुमारे १५ टक्के वाढ ठरलेली असते. मालकाला नऊ वर्षे बंधन असते. भाडेकरू मात्र पहिली तीन किंवा फार तर पाच वर्षेच बांधलेला असतो. त्यानंतर काही महिन्यांची सूचना देऊन तो जाऊ शकतो. आपला करार नऊ वर्षांचा आहे असे मालक समजतो, तेव्हा बँकेच्या हिशेबात तो तीन वर्षांचाच असू शकतो.

मुदतीचे गणित

हा फरक किती मोठा आहे हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका इमारतीचे मासिक भाडे ४ लाख रुपये आहे आणि त्यापैकी ३ लाख रुपये हप्त्यासाठी वापरावयाचे आहेत. व्याजदर वार्षिक ९ टक्के आणि मुदत १० वर्षे धरल्यास या हप्त्यावर सुमारे २ कोटी ३७ लाख रुपयांचे कर्ज मिळू शकते. व्याजदर ११ टक्के झाला तर ही रक्कम सुमारे २ कोटी १८ लाखांवर येते. म्हणजे दोन टक्क्यांच्या फरकाने १९ लाख कमी झाले. आता व्याजदर ९ टक्केच ठेवू आणि मुदत बदलू. बँकेने पाच वर्षेच मोजली तर कर्ज सुमारे १ कोटी ४४ लाख होते. तीनच वर्षे मोजली तर ते ९४ लाखांवर थांबते. मालक पाव टक्क्यासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवतो, पण करार करताना बांधील मुदतीच्या कलमावरून त्याची नजर सहज पुढे जाते. या उदाहरणात त्या कलमाचे वजन व्याजदराच्या कितीतरी पट भरते.

प्रत्यक्षात अनेक बँका बांधील मुदत तीन वर्षांची असली तरी भाडेकरू राहील या भरवशावर दहा वर्षांचे कर्ज देतात. मालकाला त्याचा आनंद होतो. पण वरील उदाहरणातील २ कोटी ३७ लाखांच्या कर्जाचे तीन वर्षे हप्ते भरल्यावरही सुमारे १ कोटी ८६ लाख रुपये मुद्दल शिल्लक असते. नेमक्या त्याच सुमारास भाडेकरूला जाण्याची मोकळीक मिळते. तो गेला, तर त्याची अनामत परत करावी लागेल. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेतली असेल तर ती ४० लाख होते, आणि ती बहुधा बांधकामातच खर्च झालेली असते. नवा भाडेकरू मिळण्यास आठ महिने लागले तर हप्त्यांचे २४ लाख वेगळे. एका भाडेकरूच्या जाण्याने एका वर्षाच्या आत ६४ लाखांची तरतूद करण्याची पाळी मालकावर येते.

हे संकट काल्पनिक नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगितले आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतील वसतिगृहे अल्पावधीत ओस पडली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. तथापि त्या महिन्यांचे व्याज चालूच राहिले. भाडे थांबले तरी व्याज थांबत नाही, हा धडा अनेक कुटुंबांना त्या सहा महिन्यांत मिळाला.

मध्यस्थाची नजर

मराठीत ‘दलाल’ या शब्दाला एक उणी छटा आहे. ‘अडत्या’ म्हटले की बाजार समितीतील गाळा डोळ्यांपुढे येतो. प्रस्तुत व्यावसायिकाला यांपैकी कोणतेच नाव नेमके बसत नाही, म्हणून येथे ‘कर्ज-मध्यस्थ’ हा शब्द योजला आहे. बँकांच्या परिभाषेत त्याला ‘डीएसए’ म्हणतात. तो मालकाची कागदपत्रे गोळा करतो, कोणती बँक कोणत्या प्रकारच्या इमारतीवर कर्ज देते हे त्याला ठाऊक असते, आणि कर्ज वितरित झाले की बँक त्याला कर्जाच्या रकमेवर ठरलेली टक्केवारी देते.

या अखेरच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मध्यस्थ मालकाच्या दिवाणखान्यात बसून बोलत असला तरी त्याचे मानधन बँकेकडून येते. ते कर्ज मिळण्याच्या दिवसाशी निगडित असते. कर्ज फिटण्याच्या दिवसाशी त्याचा संबंध नसतो. यामुळे मध्यस्थ अप्रामाणिक ठरतो असे मुळीच नाही. अनुभवी मध्यस्थ मालकाचे अनेक धोके वेळीच दाखवून देतो. परंतु सल्ला कोणाचा आणि खर्च कोणाचा हे समजून घेतल्याविना त्या सल्ल्याचे मोल ठरविता येत नाही. घरे-भूखंड विकून देणाऱ्या दलालांना २०१६ च्या स्थावर मालमत्ता अधिनियमाखाली, म्हणजे ‘रेरा’खाली, नोंदणी करावी लागते. केवळ कर्ज जमवून देणाऱ्यांसाठी मात्र तसा स्वतंत्र परवान्याचा कायदा भारतात झालेला नाही. त्यांच्या वर्तनाची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने, २००६ पासूनच्या आपल्या सूचनांद्वारे, कर्ज देणाऱ्या बँकेवर टाकली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत-कर्जांसाठी ‘मुख्य तथ्यांचे विवरणपत्र’ देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व शुल्के मिळवून येणारा वार्षिक दर द्यावा लागतो, आणि त्यात न दाखविलेले शुल्क कर्जदाराच्या संमतीविना आकारता येत नाही. तोंडी सांगितलेला दर आणि कागदावरील दर यांची तुलना करण्याचे साधन यामुळे प्रथमच सामान्य कर्जदाराच्या हाती आले.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील इमारत पाहताना जाणता मध्यस्थ साधारणपणे पुढील गोष्टी तपासतो. जमिनीचे बिगरशेती रूपांतर झाले आहे काय; बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे काय; भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय; भाडेकरार नोंदलेला आहे काय; आणि सर्व भाडे एकाच भाडेकरूकडून येते की अनेकांकडून. यांपैकी भोगवटा प्रमाणपत्राला १७ डिसेंबर २०२४ नंतर वेगळेच महत्त्व आले. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांविषयी देशभर लागू असे आदेश दिले. पूर्णत्वाचे अथवा भोगवट्याचे प्रमाणपत्र पडताळल्यावरच बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज मंजूर करावे, असा त्यांतील एक आदेश आहे. ज्यांनी मंजुरीपेक्षा एक-दोन मजले अधिक चढविले, त्यांची इमारत भाड्याने भरलेली असली तरी तारण म्हणून ती बँकेच्या दारात उभी राहू शकत नाही.

भाडेकायदा : नियंत्रणाकडून कराराकडे

महाराष्ट्रातील वाचकाला भाडेकायदा म्हटले की मुंबईची पागडी आठवते. १९४७ च्या मुंबई भाडे अधिनियमाने अनेक जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. अशा इमारतीवर भाड्याच्या आधाराने कर्ज देण्याचा विचार कोणतीही बँक करणार नाही, कारण तेथे भाडे डागडुजीलाही पुरत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने काही दरवाजे उघडले. १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या खाजगी आणि सार्वजनिक मर्यादित कंपन्यांना दिलेल्या जागा त्याने नियंत्रणातून वगळल्या, आणि कलम ५५ अन्वये भाडेकराराची लेखी नोंदणी ही मालकाची जबाबदारी ठरविली.

कर्नाटकाने याच वाटेवर आणखी मोठे पाऊल टाकले. १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या जागी आलेला कर्नाटक भाडे अधिनियम, १९९९ हा २००१ च्या अखेरीस अंमलात आला. त्याने बंगळूरमधील मासिक ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे आणि १४ चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी जागा आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. इलेक्ट्रॉनिक सिटीतील कचेऱ्या आणि लहान टपरीवजा गाळे सोडता बहुतेक सर्व दुकाने यामुळे नियंत्रणमुक्त आहेत. त्यांचे नाते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ठरते. आणि त्या कायद्यात जे लिहिलेले नाही ते करारात लिहावे लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदलेल्या दस्ताविना सिद्ध होत नाही. नोंदणीचा खर्च वाचविण्यासाठी अकरा महिन्यांचा कागद करण्याची सवय दोन्ही राज्यांत रुळली आहे. पण ज्या मालकाला पुढे कर्ज काढावयाचे आहे, त्याने आपल्या भाड्याचे आयुष्य स्वतःच्या हाताने अकरा महिन्यांवर आणून ठेवले, असा त्याचा अर्थ होतो.

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार अधिनियमाचा मसुदा मंजूर केला. भाडे हा विषय राज्यांचा असल्याने, एखाद्या राज्याने तसा कायदा केल्याखेरीज तो तेथे लागू होत नाही. उत्तर प्रदेश आणि आसाम यांनी २०२१ मध्येच तसे कायदे केले. या मसुद्यात लेखी करार भाडे प्राधिकरणाकडे कळविण्याची सक्ती आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याने पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे द्यावे अशी तरतूद आहे. हे मालकाच्या हिताचे झाले. परंतु अनामत रकमेवर राहत्या घरासाठी दोन महिन्यांची आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांची मर्यादा त्यात घातलेली आहे. बंगळूरमध्ये दहा महिन्यांची अनामत घेण्याचा प्रघात जुना आहे, आणि तिसऱ्या वर्गातील मालक ती रक्कम बिनव्याजी कर्जासारखी वापरीत आले आहेत. अशी मर्यादा कर्नाटकात आली, तर ही उणीव त्यांना बँकेकडूनच भरून काढावी लागेल. दूरदर्शी मालकाने अनामतीला आजच परतफेडीचे देणे मानावे, हे श्रेयस्कर.

करांतील बदल

नियंत्रणमुक्त भाड्यावर कराचा भार मात्र वाढत गेला. व्यापारी जागेच्या भाड्यावर २००७ साली सेवाकर आला आणि १ जुलै २०१७ पासून त्याची जागा १८ टक्के वस्तू व सेवा कराने घेतली. वार्षिक २० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या लहान मालकाला नोंदणी करावी लागत नसे, म्हणून त्याच्या भाड्यावर कर पडत नसे. १० ऑक्टोबर २०२४ पासून हे बदलले. नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत भाडेकरूला व्यापारी जागा दिली, तर कर भाडेकरूनेच थेट सरकारकडे भरावयाचा, असा नियम झाला. आपसमेळ योजनेतील छोट्या व्यापाऱ्यांना जानेवारी २०२५ मध्ये त्यातून वगळण्यात आले.

वरवर पाहता मालकावर याचा भार नाही. तळमजल्यावरील एका उपाहारगृहाचे भाडे दरमहा ८०,००० रुपये आहे असे समजू. त्याच्या चालकाला आता दरमहा १४,४०० रुपये कर भरावा लागेल. संगणक-कंपनी असा कर आपल्या करातून वजा करून घेते. परंतु ५ टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहाला ती वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने जागेचे भाडे ९४,४०० झाले. पुढील नूतनीकरणाच्या वेळी तो भाडे उतरविण्याची मागणी करणार हे सांगावयास ज्योतिषी नको. कायद्याने कर भाडेकरूवर टाकला, पण व्यवहारात त्याचा काही वाटा मालकाकडे सरकतो, आणि मध्यस्थ भविष्यातील भाड्याचा अंदाज करताना ही गोष्ट धरून चालतो. भाड्यासाठी इमारत बांधणाऱ्याला बांधकामावरील कराची वजावट मिळावी की नाही, हा वादही याच काळात गाजला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काही इमारतींसाठी आशेची वाट उघडली होती; २०२५ च्या वित्त अधिनियमाने कायद्याचे शब्द २०१७ पासून बदलून ती बंद केली.

एकच इमारत, दोन तारणे

बंगळूरमध्ये ‘भोग्य’ नावाची जुनी चाल आहे. हल्ली तिलाच नुसते ‘लीज’ म्हणतात. भाडेकरू मालकाला एकदम मोठी रक्कम देतो, भाडे न देता दोन-तीन वर्षे राहतो आणि जाताना रक्कम परत घेतो. मुंबईकर ज्याला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात त्याचेच हे रूप. कायद्याच्या दृष्टीने हे उपभोगाचे गहाण आहे, आणि असे गहाण नोंदलेल्या दस्तानेच होऊ शकते. प्रत्यक्षात मुद्रांक कागदावर सह्या होतात आणि नोंदणी राहून जाते.

तीच इमारत बँकेकडे तारण असली तर काय होते, हे समजून घेणे मालक आणि भाडेकरू दोघांनाही अगत्याचे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५-अ प्रमाणे, गहाण टाकलेली इमारत मालकाला भाड्याने देता येते, मात्र काही अटींवर : भाडे रास्त असावे, आगाऊ भाडे अथवा एकरकमी मोबदला घेतलेला नसावा, आणि मुदत तीन वर्षांहून अधिक नसावी. गहाणाच्या करारात याहून कडक अटी घालता येतात, आणि बँका त्या घालतात. भोग्याचा पायाच एकरकमी मोबदल्यावर असल्यामुळे, गहाणानंतर केलेला असा व्यवहार बँकेवर सहसा बंधनकारक होत नाही. हप्ते थकले, तर २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देऊन ताबा घेण्याची कारवाई करू शकते. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या संमतीविना नवा भाडेकरू ठेवण्याचा मालकाचा अधिकार संपतो.

अशा वेळी इमारतीत राहणाऱ्यांचे काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने भूमिका स्पष्ट केली. २०१६ च्या विशाल कलसारिया प्रकरणात, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला बँक सरफेसीच्या बळावर बाहेर काढू शकत नाही, असे ठरले. २०१९ च्या बजरंग अगरवाल प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितले की, नोंदलेला दस्त नसताना नुसत्या तोंडी भाडेकरारावर दीर्घकाळ ताबा टिकविता येणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीने भाडेकरूला ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण तेथेही प्रथम विचारला जातो तो कागदच. आयुष्याची बचत भोग्यात घालून राहणाऱ्या कुटुंबाने रक्कम देण्यापूर्वी बोजा प्रमाणपत्र आणि ‘सरसाई’ या केंद्रीय तारण-नोंदवहीतील नोंद पाहिली, तर पुढचा अनर्थ टळू शकतो. आपल्या इमारतीवर कर्ज आहे हे भाडेकरूला आधी सांगणे हे मालकाचेही कर्तव्य आहे.

पुढील काळाचा अंदाज

मध्यस्थांना आशा वाटावी अशी काही कारणे आहेत. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांबाबत आणखी एक बदल झाला : व्यक्तींना आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना व्यवसायासाठी बदलत्या दराने दिलेले कर्ज मुदतीआधी फेडल्यास व्यापारी बँकांनी दंड आकारू नये. महाग कर्ज सोडून स्वस्त कर्जाकडे जाण्याची मालकाची वाट त्यामुळे मोकळी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये संगणक-सेवांच्या विशेष आर्थिक क्षेत्रांतील इमारतींचे मजले स्वतंत्रपणे त्या क्षेत्रातून वगळण्याची मुभा मिळाली. निर्यातदारांची वाट पाहत रिकामे पडलेले मजले इतर भाडेकरूंना देता येऊ लागले. मेट्रोमुळे दूरच्या उपनगरांतून कामावर येणे सोपे झाले. वसाहतीजवळच राहण्याची निकड त्याने कमी होईल की वसाहतीचे आकर्षण वाढेल, हे वसतिगृहांच्या मालकांना येत्या काही वर्षांत कळेल.

व्याजदर चढतात आणि उतरतात. त्यांवर मालकाचा ताबा नाही. बांधील मुदतीचे कलम, करार नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र, अनामतीची वेगळी ठेव आणि भाडेकरूंची विभागणी या पाच गोष्टी मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहेत. कर्जाची मुदत बांधील मुदतीपेक्षा मोठी असेल, तर मधल्या वर्षांची जोखीम आपण स्वतः उचलीत आहोत हे त्याने ओळखावे आणि निदान सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवावी. मध्यस्थ सांगेल त्या कमाल रकमेचे कर्ज घेण्यापेक्षा, भाडेकरू गेला तरी पेलेल एवढेच कर्ज घ्यावे. शेत देऊन इमारत उभी केलेल्या कुटुंबापाशी दुसरे शेत नसते.